कलारसिक मंडळासाठी दोन दिवसांचं नियोजन शिबिर घेतलं, आठ महिन्यांनी लिहितेय

शिबिर होऊन आठ महिने झाले. लगेच लिहिलं असतं तर सगळं छानच लिहिलं गेलं असतं कारण त्या दोन दिवसांनी आम्ही सगळेच भारावलो होतो, म्हणून मुद्दाम थांबले, ठरवलेलं प्रत्यक्षात किती उतरतंय ते बघितलं आणि आता लिहितेय. शिबिर घेणाऱ्यांचं नाव देत नाही कारण दोन-तीन तक्रारी पण लिहायच्या आहेत आणि त्या त्यांना फोनवर आधीच सांगून झाल्यात. पण सोलापुरात, किंवा कुठल्याही जिल्ह्याच्या गावात, कोणी असं बिनपगारी माणसांचं मंडळ चालवत असेल आणि "पुण्याहून कोणीतरी बोलावून नियोजन करून घेऊया का, पैसे वाया तर जाणार नाहीत" असा विचार करत असेल तर त्यांच्यासाठी हे आहे.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी मंडळाची खजिनदार. आमचं मंडळ चौदा वर्षांचं. आम्ही स्वतः गात नाही, नाटक करत नाही, चित्रं काढत नाही. आम्ही ऐकायला-बघायला शिकतो आणि दुसऱ्यांना त्यात ओढतो. महिन्याला एक कार्यक्रम, कधी एखादा गायक राग कसा उलगडतो ते थांबून थांबून समजावतो, कधी एकच चित्र पडद्यावर तासभर बघायचं, कधी सिनेमा लावून मग त्यावर बोलायचं. शाळांमध्ये आस्वादाचे तास, वर्षातून तीन सहली आणि डिसेंबरमध्ये तीन दिवसांचा महोत्सव. पगार कोणालाच नाही. नोकरी, घर, आजारी सासू-सासरे, मुलांच्या दहावी-बारावी हे सगळं सांभाळून जे हात येतात त्यांच्यावर चाललंय.

मग बाहेरच्या माणसाची गरज का पडली? एकतर कोरोनानंतर गर्दी घटली ती पुन्हा भरलीच नाही. दोन खंदे कार्यकर्ते मुलांकडं पुण्याला राहायला गेले (सोलापुरात हे घरोघरी चाललंय, मंडळं रिकामी व्हायचं ते एक मोठं कारण आहे). आदल्या वर्षीच्या महोत्सवात दुसऱ्या दिवशी हुतात्मा स्मृती मंदिरात पुढच्या चार रांगा सोडल्या तर सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या आणि विंगेत उभं राहून ते बघताना खरंच गलबलून आलं, कारण स्टेजवरच्या कलाकाराचा काहीच दोष नव्हता. आणि तिसरं म्हणजे माझ्या खात्यातलं, आमचे एक विश्वस्त वारले होते आणि त्यांच्या जागी नवीन नाव लावायचा बदल अर्जच कोणी केला नव्हता. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावं लागतं, ते आम्हाला माहीत होतं, पण "ते बघतील" असं प्रत्येकानं धरून चाललं. परिणाम काय तर बँकेत सह्या बदलायला गेलो की कागद अडकला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की आमच्याकडं माणसं चांगली आहेत, पण कोणाचं काम काय हे कुठंच लिहिलेलं नाही.

तर ही सेवा. दोघं येतात, एक ताई आणि त्यांचे सहकारी. शिबिराआधी सदस्यांशी फोनवर मुलाखती, मग शनिवार-रविवार शिबिर, मग लेखी अहवाल, आणि नंतरच्या सहा महिन्यांत तीन आढावा कॉल. फी ३२ हजार, शिवाय प्रवास आणि राहणं आपल्याकडं. राहायची सोय एका सदस्याच्या घरी केली, प्रवास हुतात्मा एक्स्प्रेसनं, म्हणजे पुण्याहून संध्याकाळी बसून रात्री इथं. ३२ हजार म्हणजे आमच्या खात्यात जेमतेम चार महिन्यांचा खर्च, त्यामुळं कार्यकारिणीत यावर दोन बैठका वाद झाला. मी स्वतः विरोधात होते.

सगळ्यात मोलाचं काय मिळालं असं मला कोणी विचारलं तर मी शिबिराआधीचे फोन म्हणेन. त्यांनी अठरा जणांशी बोलायचं ठरवलं आणि अट घातली की त्यातले निम्मे तरी असे हवेत जे आता येत नाहीत, किंवा कधी आलेच नाहीत. आम्ही याद्या काढल्या. त्यात पूर्व भागातल्या एक काकू होत्या, तेलुगू घरातल्या, मुलगा यंत्रमागावर. त्या दोन-तीन वेळा येऊन मग बंद झाल्या होत्या. त्या फोनवर म्हणाल्या, "कार्यक्रम चांगलेच असतेत ओ तुमचे, पण सगळे तिकडंच. रात्री नऊला संपलं तर मी कन्ना चौकापर्यंत कशी येऊ? आणि आमच्याकडं पण कला हाय की, ती बघायला कोण येतंय?"

हे वाक्य शिबिराच्या पहिल्या सकाळी भिंतीवर मोठ्या कागदावर लिहून लावलं होतं. बोलणाऱ्याचं नाव नव्हतं, पण काय लागायचं ते लागलं. चौदा वर्षांत आमचा एकही कार्यक्रम अशोक चौकाच्या पलीकडं, म्हणजे पूर्व भागात, झाला नव्हता. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा एका रिक्षात ऐकू येतात तिथं आमची निमंत्रणं फक्त मराठीत, आणि तीही नेहमीच्याच अडीचशे नंबरांना. मुद्दाम कोणाला टाळलं नव्हतं, पण झालं होतं तसंच.

पहिल्या दिवशी दुपारी तासांचा हिशोब झाला आणि मी खजिनदार असून असा हिशोब कधी मांडला नव्हता. ताईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. म्हणाल्या, महिन्याला मंडळाला तुम्ही खरंच किती तास देऊ शकता ते लिहा, पण मनानं नाही, मोबाईलमधलं कॅलेंडर उघडून, घरचं सगळं धरून. तेवीस जण होतो. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. एक तरुण मुलगी, जी प्रत्येक बैठकीत सगळ्यात जास्त कामं अंगावर घेते, तिनं आधी वीस लिहिलं, मग खोडलं, दहा लिहिलं, मग चार लिहून चिठ्ठी घडी करून दिली. तिची नवी नोकरी लागली होती आणि ती आम्हाला सांगायला कचरत होती. बेरीज झाली चौऱ्याहत्तर तास. त्यातले एक्केचाळीस फक्त चौघांचे.

मग दुसऱ्या बाजूला खर्चाचे तास. एक मासिक कार्यक्रम म्हणजे काय काय करावं लागतं ते सुटं सुटं लिहायला लावलं. वक्त्याला फोन, तारीख, हॉल, पैसे भरणं, निमंत्रण बनवणं, ते पाठवणं, वक्त्याला स्टेशनवरून आणणं, जेवण, साऊंडवाल्याशी बोलणं, सतरंज्या-खुर्च्या, फोटो, परत सोडणं, आभाराचं पत्र, पावत्या. अडतीस तास निघाले. बारा महिन्यांचे ४५६. महोत्सवाचे ४२०, दहा शाळांचे दोनशे, तीन सहलींचे १३५. एकूण १२११. आणि आमच्याकडं होते वर्षाचे ८८८. म्हणजे ३२३ तास कमी पडत होते, आणि दरवर्षी ते कुठून आले? त्याच चौघांच्या झोपेतून आणि त्यांच्या घरच्यांच्या वाटणीतून. आमच्या कार्यवाहांच्या पत्नी त्या दिवशी जेवण घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभं राहून फळा वाचत होत्या आणि त्यांनी फक्त "हां" म्हणलं. मला तो आवाज अजून आठवतोय.

माझ्या मते या सेवेचं सगळं मोल इथं आहे. एरवी आपण नियोजन म्हणजे काय समजतो, पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं याची यादी. आणि पैसा किती लागेल. पण जिथं कोणी पगारी नाही तिथं खरा बजेटचा कागद तासांचा असतो, रुपयांचा नंतर. हे मला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि एकदा बघितल्यावर मात्र वाटलं, हे तर पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं.

त्याच संध्याकाळी "आपण कशासाठी आहोत" यावर चर्चा झाली. मला भीती होती की ही गोलगोल होणार. आमच्या घटनेत "कलेचा प्रचार व प्रसार" असं लिहिलंय, जे बहुतेक सगळ्याच संस्थांच्या घटनेत असतं. ताईंनी विचारलं, तुमचा कार्यक्रम ऐकून माणूस घरी गेला, त्याच्यात काय बदललं ते सांगा, एका माणसाचं सांगा. एक आजोबा म्हणाले, माझा नातू आता तबल्याची सम आली की बरोबर मान हलवतो, आधी त्याला कंटाळा यायचा. एक शिक्षिका म्हणाल्या की चित्रकार एम. एफ. हुसेन १९१५ साली आपल्या जिल्ह्यात पंढरपुरात जन्मले हे नववीच्या मुलांना सांगितलं तेव्हा मुलं आधी विश्वासच ठेवेनात, आणि मग घोड्यांच्या चित्राकडं अर्धा तास बघत बसली, मान कुठं वळलीय, रेष कुठं तुटलीय ते स्वतःच शोधत. अशी सात-आठ उदाहरणं आली आणि त्यातून एक वाक्य तयार झालं : सोलापुरातल्या कोणालाही, तो कुठलीही भाषा बोलत असो, समोरची कला नीट बघता, ऐकता आणि वाचता यावी. "प्रसार" शब्द गेला. मला हे वाक्य मनापासून आवडतं, कारण आता काही ठरवताना आम्ही खरंच त्याकडं बघतो.

दुसऱ्या संस्थांची उदाहरणं पण दिली, ती थोडक्यात. स्पिक मॅके, शास्त्रीय संगीत-नृत्य विद्यार्थ्यांपर्यंत नेणारी संस्था, जी १९७७ साली किरण सेठ यांनी आयआयटी दिल्लीत सुरू केली आणि आजही स्वयंसेवकांवर चालते, विद्यार्थी येतात-जातात पण काम चालू राहतं कारण प्रत्येक शाखेत पुढची फळी तयार करणं हेच कामाचा भाग धरलंय. आणि ब्रिटनमधली द आर्ट्स सोसायटी, १९६८ ची, आधी वेगळं लांबलचक नाव होतं ते २०१७ मध्ये बदललं, तिथं गावोगावची मंडळं आपापली स्वतंत्र आणि मध्यवर्ती संस्था फक्त पारखलेल्या व्याख्यात्यांची यादी वगैरे पुरवते. ही दुसरी गोष्ट ऐकून आमच्यातल्या दोघांनी बार्शी आणि पंढरपूरच्या ओळखीच्या मंडळांशी वक्त्यांची यादी वाटून घ्यायची कल्पना काढली, एकच वक्ता दोन दिवसांत दोन गावं करेल, प्रवासखर्च अर्धा. ते आता चालू झालंय, दोनदा केलं.

दुसरा दिवस अवघड होता. तास कमी पडतात म्हणल्यावर काहीतरी सोडायला लागणार आणि सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे महोत्सव. आमचे एक ज्येष्ठ, ज्यांनी हा महोत्सव सुरू केला, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी स्पष्ट विरोध केला. ते म्हणाले, महोत्सव गेला तर गावाला मंडळ दिसणारच नाही, वर्षभराचं छोटं काम कोणाच्या डोळ्यात भरत नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि ताईंनी ते चूक आहे असं भासवलं पण नाही, हे मला फार आवडलं. दीड तास चर्चा झाली, आवाज चढले, एक जण बाहेर जाऊन फिरून आले. शेवटी ठरलं की महोत्सव एक वर्षाआड, तीनऐवजी दोन दिवस, आणि मोठ्या सभागृहाऐवजी हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या ॲम्फी थिएटरसारख्या आटोपशीर जागी. दादांना ते आजही पटलेलं नाही. पण त्यांनी एक गोष्ट मागून घेतली, हत्तरसंग कुडलची सहल. ती मी पुढं सांगते.

"किल्ली कोणाकडं" हा एक खेळ घेतला दुसऱ्या दिवशी दुपारी. प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, हा माणूस उद्यापासून तीन महिने आला नाही तर काय बंद पडेल? प्रोजेक्टर आणि माईकची पेटी एकाच्या घरी, त्याचं कुलूप त्यांनाच उघडतं. ईमेलचा पासवर्ड एकाच्या डोक्यात. आणि आमच्या एका काकांकडं वही. ती वही त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, लाल कापडी पाठीची, लांबट, किराणा दुकानात असते तशी. चौदा वर्षांतला प्रत्येक कार्यक्रम, तारीख, हजेरी, वक्त्याचा नंबर, आणि समासात बारीक अक्षरात शेरे : चहा बिनसाखरेचा. जिना चढवत नाही, लिफ्ट बघणे. मानधन घेतलं नाही, चादर दिली. पाऊस, तरी ७०. या माणसानं एवढं जपलंय आणि आमच्यापैकी कोणी ते कधी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. पुढचे तीन रविवार दोन कॉलेजच्या मुलींनी काकांच्या शेजारी बसून ती वही संगणकात उतरवली, काका वाचायचे आणि मधे मधे थांबून त्या कार्यक्रमाची गोष्ट सांगायचे. त्या दोघी आता मंडळात आहेत.

आता तक्रारी. पहिली, भाषा. शनिवारी सकाळचं पहिलं सत्र पूर्ण इंग्रजी पीपीटीवर होतं, साठच्या वर स्लाईड. आमच्यात निवृत्त गिरणी कामगार आहेत, गृहिणी आहेत, त्यांनी वह्या मिटून ठेवल्या. स्टेकहोल्डर, आऊटकम, केपीआय असं चाललं होतं. चहाच्या वेळेला आमच्या अध्यक्षांनी नीट शब्दांत सांगितलं तेव्हा पीपीटी बंद केली आणि फळा-खडू आणि मराठी सुरू झालं, आणि त्यानंतर ताई इतकं सुंदर मराठी बोलल्या की पहिल्यापासूनच का नाही असं वाटलं. दोन तास मात्र गेले. दुसरी, त्यांचे तक्ते पगारी कर्मचारी असलेल्या मोठ्या संस्थांसाठी बनवलेले. "विभागप्रमुख", "वार्षिक मूल्यमापन" असे रकाने आमच्या काय कामाचे. तासांची चिठ्ठी आणि किल्लीचा खेळ सोडले तर छापील कागदातलं आम्ही काहीच वापरलं नाही.

तिसरी मोठी. अहवाल तीन आठवड्यांत देणार होते, तो दहा आठवड्यांनी आला. एक्केचाळीस पानं, इंग्रजीत. तोपर्यंत उत्साहाची धार गेली होती. आम्ही शेवटी स्वतःच एका रविवारी बसून मराठीत एक पान केलं, तीन वर्षांत काय करणार, काय करणार नाही, कोण कशाला जबाबदार, आणि ते पान लॅमिनेट करून बैठकीच्या खोलीत लावलं. काम त्या एका पानावर चाललंय. आणि तीन आढावा कॉलपैकी दोनच झाले. तिसऱ्यासाठी मी दोनदा मेसेज केला, "पुढच्या आठवड्यात" असं उत्तर आलं आणि राहिलं ते राहिलंच.

पैशांच्या बाजूचं मार्गदर्शन मधलं. सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशांवर, बराच वेळ गेला. नियम नीट सांगितले, की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के द्यावे लागतात, कला आणि वारसा त्या यादीत बसतो, आणि संस्थेकडं आयकर खात्याची १२ए, ८०जी आणि शिवाय सीएसआर-१ नोंदणी लागते. हे खरंय, उपयोगी पण आहे, पण आमच्यासारख्या वर्षाला लाखभराच्या मंडळाला त्यामागं पळायचे तास कुठून आणायचे, हा प्रश्न आदल्याच दिवशी त्यांनीच शिकवला होता. त्यापेक्षा त्यांचा दुसरा सल्ला मला खजिनदार म्हणून फार पटला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला मुदत ठेवीत असल्याशिवाय नवीन उपक्रम घ्यायचा नाही. आम्ही अजून चार महिन्यांपर्यंतच पोचलोय. बदल अर्जाबद्दल मात्र त्यांनी "तुमच्या सीएंना विचारा" एवढंच सांगितलं. माझं म्हणणं, उत्तर देऊ नका हवं तर, पण फोनवरच्या मुलाखतीतच "तुमचे विश्वस्त कागदोपत्री चालू आहेत ना, ८०जीची मुदत बघितली का" हे विचारायला पाहिजे, कारण ही नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, ठराविक वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि लहान संस्था इथंच अडकतात. आमचा अर्ज आम्ही नंतर वकिलांकडून उशीर माफीच्या विनंतीसह भरला.

आता आठ महिन्यांत काय झालं ते. मासिक कार्यक्रम बारावरून आठ केले, हे जाहीर केलं तेव्हा दोन जणांनी वर्गणी परत मागितली, दिली. आठपैकी तीन पूर्व भागात, संध्याकाळी पाचला, सातच्या आत संपणारे. निमंत्रण मराठी आणि तेलुगूत, तेलुगू मजकूर त्याच काकू लिहून देतात.

त्यातला पहिला कार्यक्रम मी कधी विसरणार नाही. आम्ही कोणी वक्ता बोलावलाच नाही. काकूंच्या ओळखीचे एक वयस्कर डिझायनर, आयुष्यभर चादरींची नक्षी काढलेले, त्यांना त्यांच्याच ओळखीच्या कारखान्यात बसवलं आणि समोर आम्ही चाळीस जण, काही खुर्चीवर, बरेच खाली. सुताचा आणि तेलाचा वास, माग त्या दोन तासांसाठी बंद. त्यांनी जुना आलेखाचा कागद उलगडला, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, त्यावर बारीक चौकोन भरून एक मोर. एक चौकोन म्हणजे धाग्यांची एक जागा. मग पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पट्टी हातात दिली आणि सांगितलं की भोक असलं की सुई आत जाते, वरचा हूक धागा उचलतो, भोक नसलं की धागा खालीच. बस एवढंच, वर किंवा खाली, आणि त्यातून मोर. जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसाचं हे यंत्र, १८०४ चं, आणि आमच्या सोलापुरी चादरीचा, जिला आज जीआय मानांकन आहे, सगळा दिमाख त्याच भोकांवर उभा. मग त्यांनी एक चादर उलटी करून दाखवली, नक्षी मागच्या बाजूला पण तीच, रंग मात्र अदलाबदल. घरात लहानपणापासून पांघरतोय आम्ही ती, मी कधी उलटी करून बघितली नव्हती. परत येताना रिक्षात कोणी बोललं नाही. घरी आल्यावर मी कपाटातली आईची चादर काढली आणि दिव्याखाली धरून अर्धा तास बघत बसले.

आणि कुडल. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं मंदिर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, आपल्यातले किती जण गेलेत? तिथं शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये गणला जातो, आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली शेवटची ओळ "वाछि तो विजेया होइवा", जो वाचेल तो विजयी होईल. दादांनी पंचवीस शाळकरी मुलांना ती ओळ बोट न लावता, बॅटरीच्या उजेडात अक्षर अक्षर वाचायला लावली. त्या मुलांमध्ये उर्दू शाळेतल्या सहा मुली होत्या, मंडळाच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलेल्या. दादा आता दर दोन महिन्यांनी ही सहल नेणार म्हणतायत आणि त्यासाठी त्यांनी महिन्याचे आठ तास लिहून दिलेत.

माणसांचं म्हणाल तर सात नवीन आले, त्यातले पाच टिकले. आता प्रत्येक कामाचं एक पान आहे, प्रोजेक्टरचं पान, पाहुण्याला आणण्या-सोडण्याचं पान, पावत्यांचं पान, त्यावर किती वेळ लागतो ते पण लिहिलंय. नवीन माणसाला "या, मदत करा" म्हणण्यापेक्षा "हे पान घ्याल का, महिन्याला तीन तास" म्हणलं की तो लगेच हो किंवा नाही म्हणतो. ती तरुण मुलगी अजून आहे, चार तासांवर, आणि ते चार तास ती पूर्ण देते. हजेरी सरासरी पन्नासच्या आसपास, खूप वाढलीय असं नाही, पण त्यात आता निम्मे चेहरे मला नवीन दिसतात.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो अहवालाचा आणि राहिलेल्या कॉलचा. ज्यांचं मंडळ पाच-सात वर्षं जुनं आहे आणि तीच चार माणसं दमलीत त्यांनी नक्की घ्या. अगदी नवीन असाल तर एवढे पैसे घालू नका, तासांचा हिशोब तुमचा तुम्ही एका रविवारी मांडा.

घेणार असाल तर चार गोष्टी आधी ठरवून ठेवा. पूर्ण शिबिर मराठीत, एकही इंग्रजी स्लाईड नको. तारीख जानेवारीत घेऊ नका, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापुरातला माणूस कुठं सापडत नाही, आम्ही ऑगस्टचा मधला शनिवार-रविवार घेतला ते बरोबर ठरलं. जेवण घरचंच ठेवा, आमच्याकडं कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि मुगाची उसळ होती आणि सकाळी भांडलेली माणसं दुपारी एकमेकांना वाढत होती, हॉटेलात ते झालं नसतं. आणि फी दोन हप्त्यांत द्या, दुसरा हप्ता मराठी अहवाल हातात पडल्यावर. आम्ही रविवारी रात्री स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हाच पूर्ण चेक दिला होता.